चुर्रो मेंढीपासून मागापर्यंत : नवाहो गालिचा कसा घडतो

अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी लोकांच्या पद्धतीचं विणकाम शिकायचं ठरवलं की बहुतेक जण आधी सुतारकामाला लागतात. माग कसा उभारायचा, फणी कुठून आणायची याची चौकशी सुरू होते आणि लोकर म्हणून दुकानात मिळेल ती मऊसूत मेरिनो घरी येते. मग चार बोटं विणून झाली की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे काचून तुटायला लागतात. दोष हाताचा नसतो. हा माग, सूत कातायची ही लांब चाती, थोडक्या पाण्यातली ही धुलाई, सगळं एका विशिष्ट मेंढीला धरून बसवलेलं आहे. त्यामुळे या लेखात माग बराच उशिरा येईल.

अमेरिकेत ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरवर नवाहो नेशन हा त्यांचा स्वशासित प्रदेश पसरलेला आहे. कोरडं, उंचावरचं पठार. विंडो रॉक ही राजधानी. हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. वंश आईकडून मोजतात. मेंढ्या ज्याच्या-त्याच्या नावावर असतात, पोरांनाही लहानपणीच एखादं कोकरू मिळतं, आणि घरच्या कळपात बायकांचा शब्द मोठा असतो. विणकामही परंपरेने बायकांचंच, पण तो काही कडक नियम नव्हे. होस्टीन क्ला (१८६७–१९३७) हा पुरुष त्यांच्यातला अत्यंत नावाजलेला विणकर होता.

मेंढी

चुर्रो ही स्पेनमधल्या चुर्रा जातीची वंशज. १५९८ साली वसाहत करायला आलेल्या हुआन दे ओन्यातेच्या तांड्याबरोबर स्पॅनिश मेंढ्या न्यू मेक्सिकोत आल्या आणि पुढच्या शतकात नवाहोंनी त्या आपल्याशा केल्या. या मेंढीला दुहेरी लोकर असते : आत आखूड, मऊ थर आणि वर लांब, राठ, चमकदार केस. आतली लोकर ऊब देते, वरचा केस बळ देतो. दोन्ही एकत्र कातले की तयार होणारा धागा पायाखालीही वर्षानुवर्षं टिकतो. पांढरी, काळी, राखाडी, तपकिरी अशा अनेक छटा मुळातच मिळतात. काही मेंढ्यांना चार शिंगंही असतात.

पण विणकराच्या दृष्टीने मोठा गुण वेगळाच आहे. या लोकरीत तेलकटपणा फार थोडा असतो. मेरिनोच्या वळणाची लोकर धुतली की तिचं वजन निम्म्यावर येऊ शकतं, इतकी त्यात चरबी आणि घाण असते. ती काढायला भरपूर गरम पाणी लागतं, आणि पिंपं भरून लांबून पाणी आणावं लागतं अशी घरं नवाहो भागात आजही बरीच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारने ‘सुधारणा’ म्हणून मेरिनोच्याच वळणाच्या रॅम्बुले जातीचे मेंढे दिले. मांस वाढलं, पण लोकर तेलकट, आखूड आणि कुरळी झाली. हाताने कातली की सुतात गाठी पडायच्या. त्या काळातले कितीतरी गालिचे ओबडधोबड दिसतात, त्याचं एक कारण हे.

ही जात दोनदा नष्ट होता होता वाचली. १८६४ साली अमेरिकी सैन्याने नवाहोंचे कळप आणि पिकं उद्ध्वस्त करून हजारो माणसांना चालवत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरच्या छावणीत नेलं. १ जून १८६८ च्या तहानंतर ते परतले. त्या तहात १५,००० शेळ्या-मेंढ्या द्यायचं कलमच होतं. नंतर १९३० च्या दशकात, चराईने जमीन धुपून गाळ हूवर धरणात जाईल या धास्तीने, अमेरिकी सरकारच्या मूलनिवासी (‘इंडियन’) खात्याचे आयुक्त जॉन कॉलियर यांच्या काळात कळपच्या कळप कमी करण्यात आले. कित्येक जनावरं मालकांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालून मारली. ही आठवण अजून ताजी आहे. १९७० च्या दशकात अस्सल चुर्रो जेमतेम काहीशे उरल्या होत्या. १९७७ मध्ये पशुशास्त्रज्ञ लाइल मॅकनील यांनी दऱ्याखोऱ्यांतून उरलेल्या मेंढ्या शोधून पैदास सुरू केली, म्हणून आज ही लोकर मिळते तरी.

महाराष्ट्रात बसून हात बसवायचा असेल तर मेरिनोपेक्षा घोंगडीची दख्खनी लोकर जवळची. तीही भरड आहे आणि काळी-राखाडी मिळते. फक्त ती वर्षातून दोनदा कातरतात, त्यामुळे धागा आखूड राहतो. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ती उत्तम. ताण्यासाठी लांब धाग्याची दुसरी लोकर बघा.

कळप

दिवस कळपाच्या वेळेने चालतो. उन्हाळ्यात मेंढ्या पहाटे सोडतात, ऊन चढलं की वाड्यात परत आणतात आणि संध्याकाळकडे पुन्हा बाहेर काढतात. हिवाळ्यात एकच लांब फेरी. ज्यांना जमतं ते उन्हाळ्यात चुस्का डोंगरासारख्या उंच, गार भागात मुक्काम हलवतात आणि थंडी पडली की खाली उतरतात. कळपात शेळ्या मुद्दाम मिसळतात, कारण शेळी पुढे चालते आणि मेंढ्या तिच्या मागे जातात.

कोयोटींपासून (तिथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांपासून) राखण करायला कुत्री. या कुत्र्यांना जातिवंतपणाचा सोस नाही. मिश्र जातीची, मध्यम अंगाची असतात. पिल्लू चार-पाच आठवड्यांचं झालं की त्याला मेंढ्यांच्या वाड्यातच ठेवायचं, तिथेच खायला घालायचं, आणि लाड करून घराचा लळा लावायचा नाही. कोकरांशी दांडगाई केली की तिथल्या तिथे दम द्यायचा. असं वाढलेलं कुत्रं मेंढ्यांनाच आपलं गणगोत समजतं आणि परक्या जनावरावर धावून जातं.

मेंढ्यांचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. कोकरं कडाक्याच्या थंडीत पडू नयेत म्हणून मेंढा वेगळा ठेवतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास कळपात सोडतात. मग एप्रिलमध्ये, गवत फुटायच्या वेळेला वेत येतं. किती जनावरं पाळायची ते मात्र चराईच्या परवान्यावर ठरतं. तिथे हिशोब ‘मेंढी-एकका’त होतो : एक गाय म्हणजे ४ मेंढ्या, एक घोडा म्हणजे ५. तीसच्या दशकातली ही पद्धत आजही चालू आहे.

कातरणी आणि धुणं

कातरणी वसंतात. मेंढी आडवी पाडून पाय बांधतात आणि पोटाकडून सुरुवात करून लोकर एकसंध, कांबळ्यासारखी उतरवतात. कातर कातडीला समांतर हवी. एकाच जागी दोनदा कातर फिरवलीत तर आखूड तुकडे पडतात आणि तेच पुढे सुतात गाठी करतात. उतरलेली लोकर लगेच निवडा. खांदे आणि कुशीची लोकर सगळ्यात चांगली, ती ताण्यासाठी बाजूला ठेवा. पोटाची आणि मांड्यांची लोकर शेणामातीने चिकटलेली असते, ती वगळा. काटे, गवत, कुसळं हाताने काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे राहिलेलं कुसळ थेट गालिच्यात जातं.

धुवायला युक्का नावाच्या तिथल्या रानझाडाचं मूळ वापरतात. मूळ ठेचून कोमट पाण्यात घुसळलं की रिठ्यासारखा फेस येतो. (त्याच फेसाने धार्मिक विधींच्या वेळी केसही धुतात.) लोकर त्यात बुडवून हलकेच दाबा. चोळू नका, पिळू नका; गरम पाण्यातून एकदम गारात टाकू नका. असं केलं की लोकर आळून तिचा नमदा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. चुर्रो लोकर चांगली स्वच्छ असेल तर पुष्कळ विणकर आधी धुतच नाहीत. झटकून, उन्हात घालून तशीच पिंजतात आणि कातलेलं सूत धुतात. पाणी आणखी वाचतं.

पिंजणं आणि कातणं

तारांचे दात असलेल्या दोन हातफण्या घ्या. डाव्या फणीवर थोडी लोकर पसरा, उजवीने ओढा, मग ती उलटी फिरवून सैल पेळू उतरवा. घाईने फणी दाबून ओढली तर धागे तुटतात. रंग मिसळायचे तेही इथेच : पांढरी आणि काळी लोकर एकत्र पिंजून राखाडी करतात. टू ग्रे हिल्स भागातल्या प्रसिद्ध गालिच्यांतले तपकिरी-राखाडी रंग असेच पिंजण्यातून येतात. तिथे फक्त काळा गडद करायला रंग चढवतात.

चाती साधी असते, पण लांब. हातभराहून मोठी काठी आणि खालच्या बाजूला लाकडी चकती. विणकरीण जमिनीवर बसते, चातीचं टोक जमिनीला टेकवते, काठी उजव्या मांडीवर आडवी धरून तळहाताने अंगाकडे लाटते. डावा हात पेळू खेचत मागे नेतो. एका दमात बारीक सूत काढायचा हट्ट इथे नाही. पहिल्या फेरीत जाड, सैल वात काढतात. मग तीच पुन्हा चातीवर घेऊन खेचत, पीळ देत बारीक करतात. बाण्याला दोन फेऱ्या पुरतात. ताण्याला आणखी लागतात, कारण त्याला खूप पीळ हवा. परीक्षा सोपी : सुताचा तुकडा सैल सोडला की त्याने स्वतःभोवती वेटोळं घातलं पाहिजे, आणि झटका दिला तर तुटता कामा नये.

ताण्याचं सूत ओलं करून ताणून वाळवा, म्हणजे पीळ बसतो. ही पायरी गाळली तर मागावर चढवल्यावर ताणा सैल पडत राहतो.

रंग

नवाहो रंगाई म्हणजे पहिल्यापासून रानातले पाले-मुळ्या, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. जुन्या घोंगड्यांत मुख्यतः नैसर्गिक लोकरीचे रंग, व्यापारातून आलेली नीळ आणि ‘बायेटा’चं लाल सूत दिसतं. बायेटा म्हणजे युरोपात विणलेलं लाल लोकरी कापड. ते विकत घेऊन त्याचा धागा न् धागा उसवायचा आणि पुन्हा विणायचा. जुन्या बायेटात हा लाल पुष्कळदा लाखेचा असतो. लाख भारत आणि आग्नेय आशियाकडून युरोपात जायची. पुढे त्याची जागा कोचिनील किड्याच्या लालने घेतली. निळीचं रंगपात्र शिळ्या मुतात आंबवून करत, आणि वासाची तक्रार करायला तिथे कोणाला सवड नव्हती.

मग रासायनिक रंग आले. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनचं गिरणीचं रंगीत सूत मिळू लागलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत डोळे दिपवणारे भडक नमुने निघाले. आज ज्याला वनस्पती-रंग म्हणतात त्याची मोठी लाट त्यानंतरची : ॲरिझोनात १९२० च्या दशकात चिन्ली इथे आणि १९३८ पासून वाइड रुइन्स इथे व्यापाऱ्यांनी आणि विणकरांनी मिळून ती आणली. न्यू मेक्सिकोत विंगेट इथल्या शाळेत विणकाम शिकवणाऱ्या नोनाबा ब्रायन यांच्या कृती १९४० मध्ये छापल्या गेल्या. खाली सुरुवातीला जमण्यासारखे तीन रंग देतो. प्रमाण अर्धा किलो कोरड्या सुताचं आहे.

पिवळा हा सगळ्यात सोपा. रॅबिटब्रश नावाचं झुडूप तिथे रस्त्याकडेला माजलेलं असतं आणि उन्हाळा सरता सरता पिवळ्या फुलांनी भरतं. फुलं आणि कोवळ्या काड्या किलोभर घ्या. स्टीलच्या किंवा न टवका उडालेल्या एनॅमलच्या मोठ्या पातेल्यात बुडतील इतकं पाणी घालून दोन तास उकळा आणि गाळा. त्यात साठ ग्रॅम तुरटी विरघळवा. तिथे खडकांच्या आडोशाला पांढरट थर जमतो, तीच त्यांची तुरटी. किराणा दुकानातलीही चालते. सूत आधी कोमट पाण्यात भिजवून ठेवलेलं असू द्या, कोरडं टाकलं तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मंद आचेवर तासभर ठेवा, खळखळ उकळू देऊ नका, अधूनमधून लड उचलून फिरवा. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळा. फुलं जास्त घेतलीत तर लिंबासारखा पिवळा, काड्या-पानं जास्त असतील तर हिरवट. पातेलं लोखंडी असेल तर पिवळा मळून शेवाळी होतो.

तपकिरीसाठी रानटी अक्रोडाची हिरवी सालं. ती रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात दीड-दोन तास उकळा, गाळून सूत घाला. तुरटी लागत नाही. सालातला टॅनिनयुक्त (तुरट द्रव्य असलेला) रंग आपणहून धरतो. हातमोजे घाला, नाहीतर बोटं दोन आठवडे काळी.

काळा मात्र कसब मागतो. सुमॅक झुडपाची पानं आणि फांद्या बरेच तास उकळून गडद काढा करतात. दुसरीकडे पिवळी गेरूमाती तव्यावर भाजतात, ती लालसर झाली की त्यात पिन्यॉन पाइनचा डिंक घालून परततात. डिंक पेट घेऊन धूर सोडतो, आणि शेवटी काळी भुकटी उरते. हे काम उघड्यावरच करा. भुकटी गार झाल्यावर काढ्यात टाकतात. पाल्यातलं टॅनिन आणि मातीतलं लोह एकत्र येऊन काळा बनतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांतून काळा काढतात, त्यामागची रसायनविद्या हीच. शहाण्या विणकरणी हा रंग मुळातच काळ्या-तपकिरी लोकरीवर चढवतात, म्हणजे तो खोल दिसतो.

निवडुंगाच्या बोंडांचा गुलाबी दिसायला मोहक असतो. उष्णता दिली तर तो तपकिरी पडतो, म्हणून थंड पाण्यातच दिवसचे दिवस आंबवतात. आणि उन्हात तो उडतोच. पहिल्याच गालिच्यात तो घालू नये असं माझं मत.

एका गालिच्याला लागेल तेवढं सगळं सूत एकाच वेळी रंगवा. दुसऱ्यांदा तीच छटा येत नाही.

ताणा चढवणं

हा माग नवाहोंनी शेजारच्या प्युब्लो आदिवासींकडून घेतला. प्युब्लोंमध्ये पुरुष विणायचे. दिने सांगतात ते वेगळं : स्पायडर वुमन या पुराणकथेतल्या देवतेने विणायला शिकवलं, आणि मागाचे आडवे दांडे आकाशाचे आणि पृथ्वीचे आहेत. कॅन्यन द शे मधला तो उभा सुळका, स्पायडर रॉक, तिचं घर मानतात.

ताणा मागावर सुरू होत नाही. जमिनीवर चार काठ्यांची चौकट करा. दोन आडव्या काठ्यांमधलं अंतर म्हणजे गालिच्याची लांबी. सूत एका काठीला बांधा, समोरच्या काठीवरून वळवून परत आणा, प्रत्येक खेपेला मधे एकमेकांना छेदत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. सूत अखंड राहिलं पाहिजे. ताण सगळीकडे सारखा ठेवा. एकटीने करण्यापेक्षा समोर कोणी बसून सुताचा गुंडा परतवत असेल तर फार बरं. मधल्या छेदात दोन बारीक काठ्या घालून बांधून टाका. तो छेद मोडला की सगळं पुन्हा.

आता दोन्ही टोकांना काठाची दोरी. दोन पदरी किंवा तीन पदरी पिळाचं सूत घेऊन, ताण्याचा प्रत्येक वळसा त्याच्या पिळात अडकवत काठीच्या लांबीभर गुंफत जा. यामुळे धाग्यांतलं अंतर पक्कं होतं; इंचाला आठ ते दहा धागे सुरुवातीला पुरेत. दोन्ही टोकांचे वळसे मोजा. नंतर त्या काठ्या मागाच्या दांड्यांना दोरीने आवळा आणि ताणा उभा करा. वरचा ताणदांडा मागाच्या माथ्याला दोरीच्या नागमोडी वेढ्यांनी लटकतो; ती दोरी ओढली की ताणा घट्ट. बोटाने छेडला तर टणक वाजला पाहिजे.

शेवटी पोकळी, म्हणजे बाणा जाण्यासाठी ताण्याच्या धाग्यांमधली फट, उघडायची सोय. एका काठीमागे अर्धे धागे एका बाजूला राहतात. उरलेल्या प्रत्येक धाग्याला दुसऱ्या काठीवरच्या सुती फासात एकेक करून अडकवायचं. एक धागा चुकला तर नमुन्यात उभी रेघ दिसते, म्हणून दोन ओळी विणून तपासा.

विणणं

खालून वर विणतात. फासांची काठी अंगाकडे ओढा, झालेल्या फटीत सपाट लाकडी पट्टी घाला आणि ती काटकोनात उभी करा. पोकळी उघडली. बाणा आत घाला, फणीने ठोका. मग वरची काठी खाली सरकवून दुसरी पोकळी उघडा. पहिल्या काही ओळी कडेपासून कडेपर्यंत, मग नमुना.

बाणा सरळ ओढून घालू नका. कमानीसारखा सैल टाका आणि मग ठोका, म्हणजे तो ताण्याच्या आत-बाहेर जायला पुरतो. नवशिक्यांचा गालिचा मधे बारीक होऊन कंबर पडते, ती इथेच. गालिच्याच्या रुंदीएवढी एक काडी तोडून जवळ ठेवा आणि दर चार बोटांना लावून बघा. नमुना कागदावर काढत नाहीत, तो डोक्यात असतो. मध्य काढायला दोरी दुमडून मोजतात. दोन रंग भेटतात तिथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवा, नाहीतर उभी चीर पडेल. हात पोचेल तेवढाच पट्टा विणून मग शेजारचा विणायला घेतात, त्यामुळे कापडात तिरप्या पुसट रेघा उमटतात. तो दोष धरत नाहीत. उलट हातकामाची खूण म्हणून जाणकार त्या शोधतात.

काम वर सरकलं की दोरी सैल करून ताणा खाली उतरवतात आणि झालेला भाग खालच्या दांड्याला शिवून टाकतात. शेवटची वीत ही कसोटी. पोकळी इतकी अरुंद होते की पट्टी आत जात नाही. अधिकाधिक बारीक काड्या, छत्रीची तार, शेवटी दाभण. फासांची काठी काढून टाकावी लागते आणि एकेक धागा वर-खाली करत बाणा ओवावा लागतो. विकत घेणाऱ्याने गालिचा उलगडून आधी हेच टोक बघावं. तिथली वीण बाकीच्यापेक्षा विरळ असेल तर विणकराचा धीर सुटलेला असतो.

किनार चारी बाजूंनी बंद असलेल्या काही गालिच्यांत वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ एक बारीक फिकट धागा काठ छेदून बाहेर गेलेला दिसतो. विणकराचं मन त्या चौकटीत अडकून पडू नये म्हणून ठेवलेली ही वाट. सगळेच ठेवत नाहीत, आणि कारणंही प्रत्येक घरात थोडी वेगळी सांगतात. एकाच बैठकीत अती विणत राहणं मात्र बरं मानत नाहीत.

वेळ आणि किंमत

१९७३ मध्ये नवाहोंच्याच दिने कॉलेजने एका निष्णात विणकराचे तास मोजले. कातरणी आणि लोकर तयार करण्याला ४५, कातायला २४, रंगाला ६०, विणायला २१५ आणि विकायला १. एकूण ३४५ तास. वीण इंचाला ३० ते ५० बाण्यांची असेल तर गालिचा चांगला; टू ग्रे हिल्सच्या अतिसूक्ष्म कामात हा आकडा ८० च्या वर जातो, आणि तासही त्याच पटीत.

तुम्ही घरी विणलेल्या वस्तूला ‘नवाहो’ म्हणून विकू नका. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. पूजाविधीतल्या आकृत्या, विशेषतः वाळूचित्रांतल्या (विधीच्या वेळी रंगीत वाळूने काढलेल्या चित्रांतल्या) देवता, उचलू नका. होस्टीन क्लाने त्या विणल्या तेव्हा त्याच्याच लोकांनी आक्षेप घेतला होता, आणि तो तर त्या विधींचा जाणता गायक होता. पट्टे, पायऱ्यांचे चौकोन, शंकरपाळे यांवर हात बसवायला आयुष्य पुरेल.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी खरेदी करायचीच तर न्यू मेक्सिकोतल्या क्राउनपॉइंटचा गालिच्यांचा लिलाव बघावा. विणकर स्वतः तिथे गालिचे आणतात, आणि लिलावाआधी माल टेबलांवर मांडलेला असतो तेव्हा तो हातात घेऊन बघता येतो. ॲरिझोनात गनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्टही आहे. १८७८ पासूनचा हा व्यापारी ठेपा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. घेताना तीन गोष्टी विचारा : लोकर चुर्रो आहे का, सूत हाताने कातलेलं आहे का, आणि रंग कोणत्या झाडाचा. गालिचा आणणाऱ्या विणकरणीला या तिन्हीची उत्तरं तोंडपाठ असतात, आणि मेंढी घरची असेल तर तीही कुठली ते ती सांगते.